रिकाम्या सामोवारात निखारे

कावूसांच्या घरात चूक सापडायची, पण चूक करणारा कधी सापडायचा नाही. थोरल्या आजोबांनी भर झेलममध्ये नाव उलटवली तेव्हा दोष नदीचा निघाला. महताबाच्या नवऱ्याने, अल्ला त्याला जागा देवो, स्वतःच्याच मेहुणीच्या लग्नाला एक दिवस उशिरा जाऊन दाखवलं, तेव्हा दोष चंद्राचा निघाला. अशा घरात ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी अर्ध्या तासात एकाच चुकीचे तीन धनी उभे राहिले. घर बदललं होतं असं कुणी समजू नये. प्रत्येकाला त्या चुकीतून काहीतरी हवं होतं, इतकंच.

वास पहिल्यांदा तसलीमाला आला. धाकट्या सनाउल्लाची ही बायको बेकरीवाल्याकडून गरम बाकरखानी फडक्यात बांधून घेऊन आली होती. दारातच ती थबकली. कोळशाचा वास ओळखीचा होता, पण त्याच्या खाली दुसरा एक वास होता, कडवट, नाकात टोचणारा. तापलेल्या कथलाचा.

ती धावतच स्वयंपाकघरात गेली. खिडकीशी, आपल्या नेहमीच्या फरशीवर, कहव्याचा तांब्याचा सामोवार उभा होता. मधल्या नळीत निखारे लालबुंद, आणि बुडाशी राखेत कथलाचे चार-पाच चकचकीत थेंब. तिने चिमट्याने निखारे बाहेर काढले, झाकण उचललं. आत थेंबभर पाणी नव्हतं. नळीचा सांधा बोटभर उघडला होता.

काश्मिरात पाळण्यातलं पोरसुद्धा हे जाणतं: आधी पाणी, मग निखारे. रिकाम्या सामोवारात निखारे टाकणं म्हणजे घोड्याच्या आधी टांगा पळवणं. सांधा कथलाचा असतो, आणि पाणी नसलं की कथील कुणाची भीड धरत नाही.

शिवाय हा सामोवार म्हणजे काही बाजारातून परवा आणलेलं भांडं नव्हे. याच सामोवारापायी दोन चुलत्यांनी एकमेकांशी अकरा वर्षं बोलणं टाकलं होतं. आणि गेली एकेचाळीस वर्षं त्याला महताबाखेरीज, म्हणजे मोजखेरीज, कुणी हात लावत नव्हतं. आईला मोज म्हणायचं, आणि मुलांची आई म्हणून सुनाही तिला मोजच म्हणायच्या.

मोज पलीकडच्या खोलीत नमाज पढत होती.

"काय जळतंय?" निगहत आत आली. थोरल्या अहदची बायको. हिच्या नाकाला वास उशिरा यायचा, पण त्याचा अर्थ लवकर कळायचा. तिने उघडा सांधा पाहिला, बाहेर काढलेले निखारे पाहिले, भिंतीपलीकडून येणारी नमाजाची कुजबुज ऐकली आणि म्हणाली, "झालं. आता मामांना बोलवायची गरजच नव्हती."

 मामा येणार होते ते याचसाठी.

अहद सरकारी कचेरीत नोकरीला होता. थंडी आली की कचेरी फायलींसकट जम्मूला उतरायची आणि मागोमाग अहद-निगहतही. हे दरवर्षीचंच. पण यंदा अहदच्या मनाने घेतलं होतं की मोजलाही न्यायचं. सत्याहत्तर वर्षं, गुडघे, बर्फ, आणि हल्ली हे विसरणं. त्याच्याकडे पुरावे जमा होते. सप्टेंबरात दूध उतू गेलं. कोठीची किल्ली तांदळाच्या डब्यात निघाली. एकदा तिने सनाला त्याच्या मेलेल्या बापाच्या नावाने हाक मारली. मोजने एकच उत्तर दिलं होतं: माझी वांगी वाळलीत. आणि खरंच, सज्ज्यावर वांग्यांच्या न् दुधीच्या वाळलेल्या माळा लटकत होत्या, हिवाळाभर पुरतील इतक्या. शेवटी ठरलं की तिचा धाकटा भाऊ अजीजजू म्हणेल तसं. रविवारी गाडी निघणार होती.

"जाऊबाई," तसलीमा हळूच म्हणाली, "आपण सांगूच नये."

"हे?" निगहतने सामोवाराकडे बोट केलं. "हे अंगातल्या फेरनखाली लपवणार आहेस का? सहा जणांचा कहवा कशात करणार? मामा दुसरीकडे कुठे घोटभर पीत नाहीत, इथे येऊन तीन पेले पितात. तो माणूस दारातूनच विचारेल."

तेवढ्यात अहद आला. त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा असा झाला की दुःख कुठे संपतं आणि समाधान कुठे सुरू होतं ते सांगता येऊ नये. "मी काय म्हणत होतो?" तो म्हणाला. "मी काय वैरी आहे का तिचा? उद्या घर पेटलं असतं."

"घर नाही, सांधा गेलाय," तसलीमा म्हणाली.

"आज सांधा."

नमाज संपवून मोज दारात आली.  तिने सामोवार पाहिला, जवळ आली, आत बोट फिरवलं, कोरडं बोट पाहिलं. मग भिजवलेल्या बदामांची वाटी घेऊन खिडकीशी बसली आणि एकेक बदाम सोलू लागली.

तिचं हे गप्प बसणं अहदने कबुली म्हणून जमेस धरलं. तसलीमाने त्याला लाज म्हटलं. दोघांचाही हिशेब चुकला होता.

*

अजीजजू मामा जुम्म्याचा नमाज आटोपून आले ते खरोखर दारातूनच बोलले.

"आपा, आज धुराचा वास का नाही? मला वाटलं, गल्लीच्या तोंडाशीच स्वागत होईल."

त्यांना गालिच्यावर भिंतीशी बसवलं, पाठीशी तक्क्या दिला. समोर बाकरखानी आली, कुलचे आले. सामोवार काही आला नाही. मामांनी बाकरखानीचा एक पापुद्रा उचलला, परत ठेवला, आणि सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. चाळीस वर्षं त्यांनी केशराची दलाली केली होती. भेसळ त्यांना दोन चिमटींत कळायची.

"कोण मेलं?"

"सामोवार," अहद म्हणाला. "मामा, तुम्ही बरे आलात. आता तुम्हीच बघा. रिकाम्यात निखारे—"

"मी टाकले," तसलीमा म्हणाली.

 सनाउल्लाने बायकोकडे असं पाहिलं जणू ती अचानक फारसी बोलली.

तसलीमाच्या मनात त्या क्षणी काय होतं? माया होती, हे खरं. नवी नवरी म्हणून आली तेव्हा हाख जाळलेला पाहून सगळी हसली होती, मोजने मात्र तोच जळका पाला मुकाट्याने भाताबरोबर खाल्ला होता. पण नुसती माया म्हटलं तर हिशेब पुरा होत नाही. मोज गेली तर हिवाळ्याचे सहा महिने या घरात सना, ती आणि भिंती. सना दिवसातून नऊ वाक्यं बोलायचा, त्यांतली चार उबेच्या कांगडीतल्या निखाऱ्यांबद्दल.

"तू टाकलेस," मामा म्हणाले. "छान. कसे टाकलेस?"

"म्हणजे... जसे टाकतात तसे. चिमट्याने."

"आणि पाणी?"

"विसरले."

"बाकरखानी आणायला कधी गेली होतीस?"

"तेव्हाच. म्हणजे त्याच्या आधी." तिला स्वतःलाच ते पटलं नाही.

"तसलीमा, खोटं बोलायचं तर आधी उजळणी करावी गं पोरी. बेकरीवाल्याच्या रांगेत तू माझ्या पुढे होतीस. माझं लक्ष होतं. चांगल्या सहा तूच उचलल्यास."

मामा हसणार, एवढ्यात निगहत पुढे सरकली. ओढणी नीट केली.

"मामा, तिला कशाला छळता? टाकले ते मी. ती बिचारी माझ्यावर पांघरूण घालतेय."

आता अहदने आपल्या बायकोकडे पाहिलं. सतरा वर्षांच्या संसारात तिने भाताला मीठ जास्त पडलं हेसुद्धा कबूल केलं नव्हतं. तांदूळच तसा, म्हणायची.

निगहतचं गणित अगदी सरळ होतं. जम्मूचं सरकारी घर दोन खोल्यांचं. त्यातली एक मोजला. मोज पहाटे उठणार, तिच्याबरोबर घर उठणार. मोजच्या पुढ्यात निगहत मंडईतलं आयतं आलं-लसणाचं वाटण डब्यातून काढणार नाही, शेजारणीबरोबर दुपारचं पिक्चर पाहणार नाही. अडीच महिने ती अहदला म्हणत आली होती, 'हो, हो, मोजला नेऊच या, किती मजा येईल.' आज पहिल्यांदा तिला वाटलं की अल्लाने तिचं न बोललेलंही ऐकलं आहे. फक्त त्याच्या कामाला जरा हातभार लावायचा आहे. चूक सुनेची ठरली की मोजचं डोकं शाबूत. डोकं शाबूत तर जम्मू कशाला?

"सहा महिने जम्मूत गॅसवर कहवा करते मी," ती म्हणाली. "हात विसरतो, मामा. सवय सुटते."

"पण तू तर वर केस वाळवत होतीस," अहद म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही सकाळपासून फोनवर."

"एक मिनिट," सनाउल्ला म्हणाला.

तो बोलला हेच मुळात मोठं. सगळे त्याच्याकडे वळले. तो लाल झाला.

"मी टाकले."

एवढंच. त्याच्या दिवसाच्या नऊ वाक्यांतलं हे एक खर्ची पडलं. थोरल्या भावाची बायको आपल्या बायकोपेक्षा मोठ्या मनाची ठरतेय, हे त्याला पाहवलं नव्हतं, बाकी काही नाही.

मामांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी पुन्हा घातली. "आपा," ते बहिणीला म्हणाले, "तुझ्या घरात एवढं इमान कधीपासून आलं? मी उठू का? वाटतं की चुकीच्या घरात शिरलो."

मोज बदामांचे उभे काप करत होती. ते झाले तशी ती उठली. "कहवा पातेल्यात करते," ती म्हणाली.

"पातेल्यात कहवा?" मामा दुखावले. "पातेल्यात चहा होतो, औषधाचा काढा होतो. कहवा होत नाही. निखाऱ्याचा दम लागतो त्याला."

"तू नको पिऊ."

"पिणार नाही असं मी कुठे म्हटलं?"

*

स्वयंपाकघर आणि बसायची खोली यांच्यात दारच नव्हतं, त्यामुळे खटला चालूच राहिला. मोजने पातेल्यात पाणी ठेवलं. वाटीतल्या कोमट पाण्यात केशराच्या आठ-दहा काड्या आधीपासूनच भिजत होत्या. पाण्याने आता कुठे रंग धरला होता. तिने वेलदोडे सोलले नाहीत, बत्त्याने एकेक नुसता उघडला. दालचिनीचा तुकडा मोडून वासाला लावला, अर्धा बाजूला ठेवला. साखर आधी घातली. पाण्याला वेलची-दालचिनीचा सुगंध पुरता चढेपर्यंत ती हिरव्या पानांच्या डब्याला हात लावायची नाही. पान शेवटी, आणि पडलं की लगेच आच बंद. उकळलं तर कडू होतं, आणि कडू कहवा पाहुण्याला उठवायला करतात.

हात सगळं बरोबर करत होते. म्हणूनच तिला आणखी भीती वाटत होती.

कारण तिला आठवत होतं. पहाटेच्या नमाजानंतर तिने तीन तांबे पाणी ओतलं होतं. रोज ओततात तसंच, दुपारी फक्त निखारे टाकायचे म्हणून. आणि नमाजाला उभं राहण्याआधी तिने ते टाकलेही होते, झाकण न उचलता. तिसऱ्या तांब्याला थोडं सांडलं होतं, तिचा पाय भिजला होता, गारठा आठवत होता. आणि सामोवार कोरडा होता. मग तो भिजलेला पाय कोणत्या सकाळचा? आजचा की कालचा? की दहा वर्षांपूर्वीचा? जम्मूचं तिला एवढं काही नव्हतं. जम्मूतही माणसं राहतात. पण आपलंच डोकं आपल्याला खोटी सकाळ दाखवू लागलं, तर मग माणसाने कुठे राहायचं? पोरं आपल्यासाठी खोटं बोलताहेत हे तिला पहिल्या शब्दालाच कळलं होतं. त्याने तिला बरं नाही, वाईट वाटलं. एवढी खात्री आहे यांची की मीच.

"कबुल्या खूप झाल्या," मामा बाहेरून म्हणाले. "आता साधी गोष्ट सांगा. सकाळी पाणी भरलं होतं की नव्हतं? आपा, तू पहाटे भरतेस ना?"

मोज पेल्यांत केशराचं पाणी चमचा-चमचा घालत होती. हात थांबला.

"भरलं होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला वाटतं, भरलं होतं."

अहदने मान वर केली.

मला वाटतं. या बाईने आयुष्यात कधी 'मला वाटतं' म्हटलं नव्हतं. बर्फ कधी पडेल हे ती सांगायची, कुणाचा निकाह टिकेल हे सांगायची, कचेरीत अहदची बढती का अडकली हेही साहेबाला न भेटता सांगायची. आणि चुकलं तरी त्याच आवाजात सांगायची. दूध, किल्ली, बापाचं नाव या सगळ्यांनी मिळून अहदला जे मनापासून पटलं नव्हतं, ते या दोन शब्दांनी पटायला हवं होतं. पुरावा आयता चालून आला होता.

पण पुरावा पुढे मांडायच्या ऐवजी त्याचं मन मागे गेलं. सकाळी साडेनऊ. तो दाढी करून स्वयंपाकघरात आला होता. सामोवाराचं झाकण उचललं, तर पाणी. कालचं शिळं असणार, असं त्याला वाटलं. जम्मूत राहून त्याला पाण्याबद्दल संशय घ्यायची खोड लागली होती. गाळलेलं पाणी भरून ठेवू, मोजचं एक काम वाचेल. त्याने तोटी उघडून सगळं पाणी बादलीत काढलं. मग फोन वाजला: फायलींच्या ट्रंका मोजून झाल्या, एक कमी येतेय. चाळीस मिनिटं त्याने ती ट्रंक शोधली, फोनवरून. ट्रंक सापडली. पाणी राहिलं.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणाला माहीत नव्हतं. कुणाला कळणारही नव्हतं. आता नुसतं गप्प राहिलं, तर रविवारी मोज गाडीत बसणार होती. तिच्याच भल्यासाठी, जम्मूच्या उबेत. गप्प राहणं या घराच्या रीतीला धरूनच झालं असतं.

"मामा," तो म्हणाला, "पाणी मी काढलं."

मामा हसत सुटले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "चौथा! आपा, आता शेजाऱ्यांनाही बोलाव. एकेकाने यावं, कबूल करून जावं. बाकरखानी पुरेल तोवर."

"अहो, तुम्ही कशाला?" निगहतसुद्धा म्हणाली. "मी म्हटलंय ना, मी."

"खरंच मी. मला वाटलं शिळं आहे."

"हो भाईजान," सनाउल्ला समजूतदारपणे म्हणाला. हे त्याचं सातवं.

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायची वेळ आली आणि कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा माणूस कसा दिसतो ते अहदकडे पाहून कळलं असतं. तो उभाच राहिला. "निळी बादली," तो म्हणाला, आवाज चढला. "खिडकीखाली. तोटीखाली मीच ठेवली होती. जवळजवळ अर्धी भरली. कुणीतरी बघितली असेल."

तसलीमाने हात तोंडावर नेला. "ते पाणी? मी त्यात हाख धुतला. म्हटलं, कुणी एवढं स्वच्छ पाणी भरून ठेवलंय."

मामांचं हसू थांबलं.

मोज दारात येऊन उभी राहिली. हातात तबक, तबकात सहा पेले, वाफ तिच्या तोंडावर. तिने तबक खाली ठेवलं नाही.

"किती निघालं पाणी?"

"मोज, मी कुठे मोजलं?"

"अंदाजे सांग."

"तीन तांबे असेल. थोडं कमी."

"थोडं कमीच," ती म्हणाली. "थोडं माझ्या पायावर सांडलं होतं."

आणि मग ती बसली. तबकासकट, जिथे होती तिथेच, दारात. बसली आणि तिचा श्वास असा बाहेर आला जसा डोक्यावरचा भारा उतरवताना येतो. तसलीमा तबक घ्यायला धावली. मोजने ते दिलं, अहदचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. रागावली नाही, डोळे पुसले नाहीत. नुसतं धरून ठेवलं.

"चुकलो मोज."

"चुकलास," ती म्हणाली. हा शब्द तिला फार गोड लागला असावा, कारण तिने तो पुन्हा म्हटला. "चुकलास तू. उद्या हा सामोवार डोक्यावर घेऊन कल्हईवाल्याकडे जायचं. रिक्षा नाही. आणि त्याने विचारलं की खरं सांगायचं."

"सगळा बाजार विचारेल."

"बाजारालाही सांग."

*

पेले वाटले गेले. मामांनी दोन्ही तळव्यांत पेला धरला, आधी नुसता वास घेतला, डोळे मिटून. मग पहिला घोट अगदी थोडा, जिभेच्या टोकावर, केशर लागतंय का ते पाहायला. बदामाचे काप तळाशी बसले होते. ते ढवळून वर आणणारा माणूस त्यांच्या मते रानटी. कहवा आधी, बदाम शेवटी, बोटाने.

"दम नाही," ते म्हणाले. "धूर नाही." आणि पेला रिकामा करून पुढे केला.

"मग कशाला मागतोस?"

"खात्री करायला."

दुसरा पेला झाल्यावर अहदने विषय काढला. काढला म्हणजे सोडला. "मोज, यायचं का नाही ते तू ठरव. मी बोलणार नाही."

मामांनी आपला निवाडा आता लागणार नाही हे ओळखून निमूटपणे बाकरखानी मोडली. खोलीत बरं वाटत होतं. कहव्याने पोटात ऊब धरली होती, बाहेर वांग्यांच्या माळा वाऱ्याने एकमेकींवर खुळखुळत होत्या. तसलीमा सनाच्या शेजारी सरकून बसली होती, आणि तो पुढचं वाक्य जुळवत होता. सगळ्यांत मोठ्या समाधानाने मात्र निगहत पीत होती. जम्मूची दुसरी खोली तिने मनात पुन्हा मोकळी केली होती. पलंगसुद्धा हलवून पाहिला होता.

"मी इथेच," मोज म्हणाली. "वांगी कोण खाणार?"

"अगदी बरोबर," निगहत म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.

मोजने तिच्याकडे पाहिलं. डोकं शाबूत असल्याची ताजी ताजी पावती मिळालेल्या माणसाची ती नजर होती.

"पण निगहत माझ्यासाठी केवढं खोटं बोलली," मोज मामांना म्हणाली. "सख्खी लेक नसती बोलली. माझ्यासाठी अंगावर घेतलं पोरीने. तिचं मन मोडून कसं चालेल? फेब्रुवारीत येईन म्हणते. दहा दिवस."

तसलीमाने चेहरा पेल्यात घातला. मामांना ठसका लागला, आणि तो बाकरखानीचा आहे असं त्यांनी हातानेच सांगितलं. अहद मात्र खुलला. या हिशेबातलं त्याला काहीच कळलेलं नव्हतं. "बघ निगहत! मी म्हणत होतो ना?"

निगहतने तळाचा बदाम बोटाने काढला, सावकाश चावला, गिळला.

"दहाच ना, मोज?"

"दहाच," मोज तिचा पेला भरत म्हणाली. "परतीला बनिहालचा रस्ता बर्फाने बंद झाला नाही तर."